दोघंच उरलं की पलटी फुकट

तारीख ६, सोमवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. का, तर काल ह्याच वहीत मी एक शब्द वाढवला. एकच. त्यो कुणाला सांगता येत न्हाई आन पोटात बी ऱ्हात न्हाई, म्हनून वही उलटी करून मागच्या पानापासनं लिवते. पुढनं खेळाचं नियम हायत. मागनं कुणी उघडत न्हाई.

माझ्या सात इयत्ता झाल्यात. तेवढ्यात जमंल तसं लिवते.

मामंजी मिल्ट्रीत हवालदार हुते. पेन्शनीत आले तवा ट्रंकेत पत्त्याचा जोड घिऊन आले आन घरात पलटणीतला डाव शिकवला. आमी त्येला पलटणच म्हनतो. सात सात पत्ते वाटायचे. वर पडलेल्या पत्त्याशी रंग न्हाईतर आकडा जुळला तर आपला टाकायचा, न्हाई जुळला तर गड्डीतनं उचलायचा. पत्ते सपलं त्यो सुटला, शेवटाला ज्याच्या हातात ऱ्हायलं त्यो हरला. पर काय काय पत्त्यांना हुकूम हाय. दुर्री पडली की पुढच्यानं दोन उचलायचं. गुलाम म्हंजी संत्री, पुढच्याची पाळी अडवतो. एक्का म्हंजी कर्नल, आपल्यावर आलेला हुकूम परत धाडतो. आन सत्ती म्हंजी पलटी, डाव उलटा फिरतो.

घरात कसला बी वांधा आला की मामंजी म्हनायचे, भांडू नका, पलटण मांडा. नवी खोली कुणाला, पंचमीला माहेरी आधी कोण, मेंढरांमागं कोण, सगळं तसंच ठरलं. आमच्या घरात कवा भांडान झालं न्हाई म्हनून आत्याबाई सगळ्या वाडीत सांगत्यात.

आता मामंजींना लकवा झालाय. उजवं आंग गेलं, वाचा गेली. म्हनून त्येंच्या जागी ही वही बोलती. त्येंच्या तोंडचं नियम मीच लिवून घेतलेत, लग्न झालं त्या साली.

काल आत्याबाईंनी पलटण मांडली. डावावर पोर हुतं.

माझा ल्हाना सिद्धू उठला. बास.

तारीख ७, मंगळवार

परवाचं नीट लिवते.

थोरले भावजी नानासो सांगलीला हळदीच्या वखारीत हायत. त्येंची बायको बनुबाई. लग्नाला चौदा वर्सं झाली, पोरबाळ न्हाई. लय दवाखानं झालं, लय नवस झालं. ह्या दिवाळीला आले तवा आत्याबाईंनी बोलूनच टाकलं, "दोन्ही धाकट्यांच्या पदरात पोरगं हाय. येकीनं थोरलीच्या वटीत घालायचं. घरचं घरात ऱ्हातंय."

सांगली घरात हाय व्हय. सकाळच्या यष्टीला बसलं तरी दुपार उलटती.

येक मी. मला प्रांजल साडेतीन वर्सांची आन सिद्धू आठ म्हैन्यांचा. दुसरी माझी धाकटी जाऊ वैजंता. तिला येकच, बिरू, धा म्हैन्यांचा. तिचा नवरा बी मिल्ट्रीत, लांब कुठं बर्फात हाय, पत्राला म्हैना लागतो.

मी म्हनलं, "आत्याबाई, वैजंताला येकच हाय."

"मंग तू दे."

मी सिद्धूला पदराखाली घेतलं.

"का गं? आता जीभ आत गेली व्हय?"

तवा ह्ये म्हनले, "आई, पलटण मांड. आबांची रीत हाय."

आमा दोघीत जी मागं ऱ्हाईल तिचं पोर जायचं, आसं ठरलं. चौघं बसलो. आत्याबाई, मी, वैजंता, ह्ये. मामंजींना भिताडाला टेकवून बसवलं हुतं. बनुबाई उंबऱ्यात, पदर तोंडावर. भावजी नुसती तंबाखू मळत हुते, खात न्हवते.

आधी आत्याबाई सुटल्या, मंग ह्ये. दोघी उरलो. वैजंताच्या हातात येक पत्ता. माझ्या हातात दोन, इस्पिकची सत्ती आन इस्पिकची राणी. वर इस्पिकचा पंजा आन पाळी माझी. राणी टाकली काय आन सत्ती टाकली काय, पाळी तिच्याकडंच जानार. आन तिच्याकडं इस्पिकच हुतं. तिचं तोंडच सांगत हुतं, तिला कवा लपवता येत न्हाई. ती सुटली आसती, सिद्धू गेला आसता.

मी सत्ती टाकली आन म्हनलं, "पलटी. डाव उलटा फिरला, परत माझ्यावर आला." आन राणी टाकून हात झाडलं.

वैजंता म्हनली, "आक्का, आसं कसं? दोघीत उलटं काय आन सुलटं काय? इकडनं गेलं तरी माझ्यावर, तिकडनं गेलं तरी माझ्यावरच. मामंजी म्हनायचे न्हवं, दोघंच उरलं की पलटी फुकट."

"म्हनायचे का? वही आन गं शालन," आत्याबाई म्हनल्या.

वही आतल्या खोलीत ट्रंकेवर. आत मी येकटी. अकरावा नंबर, माझंच अक्षार. दोघंच उरलं की पलटी फुकट. पेन वहीतच आसतंय. मी त्येच्या पुढं लिवलं, न्हाई. आन फुंकर मारली.

ह्येनी मोठ्यानं वाचलं. फुकटपाशी जरा थांबले. मंग म्हनले, "फुकट न्हाई. लिवलंय तसं. पाळी परत हिचीच." आन वही मिटून मांडीखाली घातली.

मामंजींच्या घशातनं कसला तरी आवाज आला. डावा हात वर गेला, येक बोट ताठ. माझ्याकडं धरलं आन तसंच ठिवलं. आत्याबाई म्हनल्या, "पानी मागत्यात." पानी न्हाई. खरा नियम त्येनलाच ठावं हुता आन त्येनी बोट माझ्यावर धरलं.

वैजंताच्या हातातला पत्ता खाली पडला. इस्पिकची तिर्रीच हुती.

म्हसवडच्या जत्रंत सिद्धनाथाचा रथ झाला की दुसऱ्या दिशी बिरूला सांगलीला न्यायचं ठरलं.

तारीख ९, गुरुवार

वहीतलं पेन सापडंना. ह्येनला इचारलं तर म्हनले, पडलं आसंल रानात कुठं. रानात पेन कशाला नेलं आसंल. प्रांजलच्या पेन्शिलीनं लिवते.

आज सगळं नियम परत वाचलं, कुठं येखादी वाट सापडती का बघाया. दोन नंबरपासनंच सुरू हुत्यात. पहिलं पान माझा भाऊ भाऊसो घिऊन गेला. पहिल्या भाऊबीजेला आला हुता तवा मी नियम लिवतच हुते. त्यो म्हनला, "शाले, मला बी दे लिवून, दुकानात पोरं खेळतील." उंब्रजला हायवेच्या कडंला त्येचं टायर पंक्चरचं दुकान हाय. परत लिवायचा कटाळा, म्हनून मी झालेलं पानच फाडून दिलं. पिसायचं कसं, वाटायचं कसं, तसलंच कायतरी हुतं त्येच्यावर. लय हसलो हुतो त्या दिशी. ह्येनी आन भाऊसोनं डावावर कोंबडी लावली आन मामंजी आसं तापले, आसं तापले, भाऊसो तोंडात टावेल कोंबून हसत हुता.

दोन नंबरला हाय, नियमानियमात भांडान लागलं तर ल्हान आकड्याचा नियम मोठा. हवालदारापेक्षा सुभेदार मोठा, सुभेदारापेक्षा कर्नल, तसं मामंजी म्हनायचे. येकदा दुर्रीवर कर्नल पडला आन त्येच्यावर परत कर्नल पडला, दोन पत्ते कुणी उचलायचं म्हनून ह्ये आन भावजी जेवायचं ऱ्हायले. मामंजींनी वही मागितली, चार नंबर येक सांगतो, नऊ नंबर येक सांगतो, मंग चारचं खरं. दोन मिन्टात भाकरी खायाला बसले.

माझ्या अकराला कोण खानार. कुणी न्हाई. त्येच्याशी कुणाचं भांडानच न्हाई.

रात्री ह्येनला म्हनलं, "आवं, बिरू लय ल्हान हाय आजून."

"आपला हाय का?"

"न्हाई."

"मंग झोप."

तारीख १२, रविवार

आत्याबाईंनी लिंबाचा पाला वाटला आन वैजंताला छातीला लावाया लावला, बिरूचं दूध तुटावं म्हनून. बिरू तोंड लावतो, कडू लागलं की मागं सरतो आन आईकडं बघतो. रडत न्हाई आधी. आधी बघतो. मंग रडतो.

त्यो रडला की माझी चोळी भिजती. माझ्या आंगाला कळत न्हाई कुणाचं पोर हाय.

मी म्हनलं, "वैजंता, दे माझ्याकडं जरा, मी पाजते." तिनं त्येला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. म्हनली, "नगं आक्का. तुमचं तुमच्याला पुरू द्या." आधी दोघी मिळून पाजायचो आमी, जी मोकळी आसंल तिनं. दुखात हाय म्हनून तशी बोलली आसंल.

भावजी कामावर गेले, बनुबाई हितंच ऱ्हायल्यात, पोराला सवय व्हावी म्हनून. सुईदोरा घिऊन टोपडं शिवत बसत्यात. बिरू त्येंच्याकडं जात न्हाई. आज आडावर मला म्हनल्या, "शालन, मला पत्त्यात आलेलं पोर नगं हुतं गं."

"मंग नगं म्हना की."

"म्हनते की. दुसरं कोन देतंय ते सांग." आन कळशी भरून गेल्या.

येकीला बी वाईट म्हनता येत न्हाई. वाईट कोन ते मला ठावं हाय.

तारीख १४, मंगळवार

सिद्धूला ताप. वाटलं, आलं फिरून. सिद्धनाथाला म्हनलं, मला काय करायचं ते कर. सांजला उतरला. उतरला तवा पहिलं मनात आलं, म्हंजी देवानं बघितलं न्हाई. आसं मन झालंय माझं.

तारीख १७, शुक्रवार

भांडी घासताना वैजंता म्हनली, "आक्का, बोटाची शाई गेली का?"

मी म्हनलं, "कसली शाई?"

"त्या दिशी दिसली. काजळ आसंल मंग." आन राख घिऊन तवा घासाया लागली. लय घासला. मी बी म्हनलं, काजळच आसंल, सिद्धूला तीट लावताना लागलं आसंल. तिचा बोलायचा रोख साधाच हुता.

तिच्या नवऱ्याला पत्र कोन लिवनार. तिला येत न्हाई. तिचं पत्र आजपतुर मीच लिवत आले. ह्या खेपंला ती आलीच न्हाई लिवून घ्या म्हनून. मी बी इचारलं न्हाई.

मामंजींना दूधभाकरी भरवत हुते. परत बोट वर. येकच. मंग त्ये बोट डालग्याकडं केलं, कोंबडीकडं. "अंडं पायजे का?" तर मान हालवली. परत येक बोट, परत कोंबडी. "रस्सा पायजे?" तर त्येंच्या डोळ्यातनं पानीच आलं, भाकरी सांडली. मला वाटलं शाप देत्यात. मी कानाशी जाऊन म्हनलं, "मामंजी, माझं चुकलं. पर तुमी कुणाला सांगू नका." म्हनले आन मलाच हसाया आलं, त्ये कशानं सांगतील. मंग रडाया आलं.

तारीख २०, सोमवार

आज कळलं. पंधरा दिस त्यो मानूस मला सांगतोय आन मी त्येला अंडं दाखवतीया.

ह्ये म्हनले, उद्या भावजी येत्यात, कोंबडी धरून ठिव. मी धरली, काखंत दाबली, ती वरडाया लागली. आन मला समदं डोळ्यापुढं आलं. त्या भाऊबीजेला बी मीच कोंबडी धरून हुबी हुते, कुणाची हुती ते ठरंस्तवर. मामंजी म्हनले, "सोड तिला. सोड म्हनतो न्हवं! बस खाली. लिही एक नंबर. जित्ता जीव डावावर लावायचा न्हाई. कोंबडं आसो न्हाईतर मानूस." मी म्हनलं, मामंजी, मानूस कोन लावतंय? भाऊसोचं हसू तिथंच फुटलं. मामंजी हसले न्हाईत. म्हनले, "तू लिही."

आन मी लिवलं हुतं. आन तेच पान फाडून दिलं.

कोंबडी सुटली, जाऊ दे म्हनलं. पळत मामंजींकडं गेले. येक बोट वर केलं, म्हनलं, "ह्योच का? एक नंबर? जित्ता जीव?" त्येनी डोळं मिटलं. डावा हात मांडीवर ठिवला, सैल. माझ्यावर न्हवतं धरलं बोट.

ह्येनला सांगितलं. म्हनले, "पान कुठाय?"

"भाऊसोकडं."

"वहीत न्हाई म्हंजी न्हाई. आपलं वाचलंय, गप ऱ्हा. आन फोन बिन कुणाला करायला गेलीस तर बघ."

आत्याबाईंना सांगितलं. त्येनला वाचता येत न्हाई, तरी वही घिऊन पहिलं पान बोटानं चाचपलं. "दोनच हाय हितं, पत्त्यावरचं आकडं वळखाया येत्यात मला. आता मनानं नियम काढाया लागलीस व्हय? तुझं पोर ऱ्हायलं ना? मंग तुझं काय जळतंय?"

तवाच सांगायला पायजे हुतं की अकरा नंबर खोटा हाय. तोंड उघडलं बी. पर आज खोटा म्हनलं तर डाव माझ्यावर येतो, आन एक नंबरचं पान हातात न्हाई, म्हंजी सिद्धूला न्हेत्यात. आधी पान आलं तर कुणाचंच पोर जात न्हाई, मंग मी काय बी कबूल करीन. कुठला पत्ता आधी पडतो त्येच्यावर समदं हाय. पर खरं सांगू का, हितं बी मी आधी माझंच बघितलं. वैजंता लिंब लावून बसली आन मी पाळी मोजतीया.

तारीख २१, मंगळवार

भावजी आले. बिरूला रबरी मोटार आणलीया. परवा रथ. शुक्रवारी सकाळच्या यष्टीनं न्हेनार.

पत्र टाकून उपेग न्हाई, चार दिस लागत्यात. मला भाईर सोडत न्हाईत, आत्याबाई आडावर बी मागनं येत्यात. पर उद्या वैजंता बिरूला डोस पाजाया म्हसवडच्या दवाखान्यात जानार हाय, आन दवाखान्याच्या समोरच एसटीडीचं बूथ हाय.

मघाशी तिला म्हनलं, "उद्या माझी येक वस्तू बूथवाल्याला न्हेऊन देशील का?"

"देईन की. वझं हाय का?"

"न्हाई गं. वहीच हाय."

"मंग वझंच की," म्हनली. हसली न्हाई. हात फुडं केला. मी म्हनलं सकाळी देते, थोडं लिवायचं ऱ्हायलंय.

ते हे.

जो कुणी वाचत आसंल, बूथवाले दादा न्हाईतर दुसरं कुणी. तुमच्या फुडं जी बाई पोर घिऊन हुबी हाय ती वैजंता. तिला वाचता येत न्हाई. तिच्या हातानंच हे पाठवलंय आन ह्यात काय हाय ते तिला मी सांगितलं न्हाई. लय येळा तिच्याफुडं जाऊन बसले. भाकरी थापताना बसले, आडावर बसले. तोंडानं निघालं न्हाई. तवा आधी तिला हे पहिल्यापासनं वाचून दाखवा. शब्द वाढवला तिथं गाळू नका. तिनं वही भिरकावली तर भिरकावू द्या, आन परत उचला. तिनं शिव्या दिल्या तर तुमी मनावर घिऊ नका, त्या माझ्या हायत. पोराला तेवढं सावलीत बसवा.

मंग फोन लावा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यात हाय, उंब्रजचा. टायरच्या शेजारच्या किराणा दुकानात लागतो, भाऊसोला बोलवा म्हनायचं, धा मिन्टात येतो. फोनाचं पैसे तिच्या पदराला बांधलेत. त्येला सांगा, शालनला कुणी मारलं बिरलं न्हाई, भिऊ नको. त्या भाऊबीजेचं पान, कोंबडीचं, त्येच्या दुकानात पेटीत न्हाईतर भिताडाला कुठं आसंल ते शोध. फाटल्याली कड दुमडू नको, ती वहीला जुळवून दावायची हाय. शुक्रवारी यष्टी सुटायच्या आधी ये. पान नसलं तरी ये, तू हुतास तिथं, तू ऐकलंयस. बाकीचं मी माझ्या तोंडानं सांगीन, तू नुसता माझ्या शेजारी हुबा ऱ्हा.

वैजंता नगं म्हनली तरी, न्हाईतर काय न बोलता निघून गेली तरी, तुमी थांबू नका. माझ्या भावाला फोन लावा.